न गेलेल्या सम्राटासाठी विणलेली लढाई : पाव्हियाच्या सात चित्रजवनिका

दुर्बीण (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४ मध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात मुक्कामाला असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात पाव्हियाच्या लढाईवरील सात चित्रजवनिकांचे, म्हणजे टॅपिस्ट्रींचे, प्रदर्शन पाहिले. या चित्रजवनिका नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयाच्या आहेत. सातही एकत्र अमेरिकेत येण्याची ही पहिलीच वेळ होती. आधी त्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात होत्या आणि सॅन फ्रान्सिस्कोनंतर ह्यूस्टनला गेल्या.

जाण्यापूर्वी मी थोडा साशंक होतो, हे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका ‘इमर्सिव्ह’ म्हणवणाऱ्या प्रदर्शनाला बऱ्यापैकी तिकीट काढून गेलो होतो. तिथे अंधाऱ्या सभागृहात चारही भिंतींवर प्रोजेक्टरने चित्रे फिरवली जात होती, कर्णे मोठ्याने वाजत होते, आणि बाहेर पडल्यावर एकाही चित्राचा एकही तपशील मला आठवत नव्हता. इथे मात्र एकही चित्र हलत नव्हते आणि तरी अर्ध्या तासानंतर आपण लढाईच्या मधोमध उभे आहोत असे वाटू लागले. प्रत्येक जवनिका सुमारे साडेआठ मीटर रुंद आणि सव्वाचार मीटर उंच आहे, म्हणजे आपल्याकडच्या दीड मजली घराची अख्खी दर्शनी भिंत. पुढच्या रांगेतली माणसे आणि घोडे जवळजवळ खऱ्या आकाराचे आहेत. त्यांचे पाय आपल्या पायांच्या पातळीवर येतात आणि मागची रणभूमी क्षितिजापर्यंत वर चढत जाते.

लढाईची हकीकत थोडक्यात सांगतो. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने ऑक्टोबर १५२४ च्या अखेरीस उत्तर इटलीतील पाव्हिया शहराला वेढा घातला. आत आंतोनिओ दे लेव्हा हा पवित्र रोमन सम्राट आणि स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याचा सेनानी सुमारे सहा हजार शिबंदीनिशी होता. पगार थकल्याने त्याचे भाडोत्री जर्मन सैनिक बिथरले, तेव्हा त्याने चर्चमधील चांदी वितळवून नाणी पाडली, असे सांगतात. सुटकेसाठी आलेल्या शाही, म्हणजे सम्राटाच्या, सैन्याची अवस्था याहून बरी नव्हती. नेपल्सचा व्हाइसरॉय लानुआ, पेस्काराचा मार्क्विस आणि फ्रान्स सोडून सम्राटाला मिळालेला बूर्बाँचा ड्यूक या तिघांपुढे दोनच वाटा होत्या : ताबडतोब लढायचे, नाहीतर पैशाअभावी सैन्य विस्कटताना पाहायचे. मराठी इतिहास वाचणाऱ्यांना हा प्रसंग अनोळखी वाटू नये.

शहराच्या उत्तरेला व्हिस्कोंती सरदारांचे शिकारीचे विस्तीर्ण, तटबंदीने वेढलेले उद्यान होते आणि त्यात मिराबेल्लो नावाचा वाडा होता. २३ फेब्रुवारी १५२५ च्या रात्री शाही सैन्याच्या बेलदारांनी या तटाला खिंडारे पाडली. अंधारात आपला माणूस ओळखू यावा म्हणून सैनिकांनी चिलखतावर पांढरे सदरे चढवले होते. पहाटेच्या धुक्यात राजा फ्रान्सिसने घोडदळासह चाल केली आणि स्वतःच्याच तोफांच्या मारगिरीच्या आड आला. तोफा थांबवाव्या लागल्या. झाडीतून आणि कडेने स्पॅनिश बंदूकधाऱ्यांनी त्या घोडदळाला टिपले, दे लेव्हा शहरातून बाहेर पडून मागून तुटून पडला, फ्रान्सच्या बाजूच्या आलांसाँच्या ड्यूकने टिचिनो नदीपलीकडे माघार घेऊन पूल तोडला, आणि मागे राहिलेले फ्रान्सच्या बाजूचे स्विस सैनिक मोठ्या संख्येने नदीत बुडाले. काही तासांत सारे संपले. फ्रान्सचे बॉनिव्हे, ला पालिस, ला त्रेमुय यांच्यासारखे सरदार पडले आणि खुद्द राजा घोड्याखाली सापडून कैद झाला.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. त्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, सम्राट पाचव्या चार्ल्सचा पंचविसावा वाढदिवस होता, आणि तो लढाईत नव्हता. तो स्पेनमध्ये होता. युरोपातला सर्वांत मोठा विजय त्याच्या नावावर लागला, ते त्याच्यापासून शेकडो कोस दूर. ब्रसेल्सचा दरबारी चित्रकार बर्नार्ट व्हान ओर्ले याने या जवनिकांचे नमुने काढले (त्याची छोटी रेखाटने आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहेत), डर्मॉयन बंधूंच्या कारखान्यात १५२८ ते १५३१ या काळात त्या विणल्या गेल्या, आणि १५३१ मध्ये नेदरलँड्सच्या प्रांतिक सभांनी ब्रसेल्समध्ये त्या सम्राटाला नजर केल्या. सातही जवनिकांत सम्राट कुठेही नाही. त्याला खोटेपणाने घोड्यावर बसवण्याचा मोह चित्रकाराने टाळला, आणि त्याहून चतुर गोष्ट केली : चार भिंतींवर लढाई टांगली आणि मधली जागा सम्राटासाठी मोकळी ठेवली. दालनात तो उभा राहिला की तो रणांगणाच्या केंद्रस्थानी, आणि त्याच्याभोवती सातही बाजूंनी त्याचा विजय. आपण प्रेक्षक आज त्याच जागेवर उभे असतो. म्हणूनच मला वाटते की ज्याला आपण ‘इमर्सिव्ह’ म्हणतो ती कल्पना प्रोजेक्टरवाल्यांनी शोधलेली नाही.

कुणी हे प्रदर्शन पाहिले असल्यास, किंवा नेपल्सला या जवनिका पाहिल्या असल्यास, कृपया लिहावे.

काठपदर

लेख आवडला. माझे माहेर येवल्याचे, घरात तीन पिढ्या माग होता, त्यामुळे लढाईपेक्षा विणकामाकडेच माझे लक्ष गेले. मी या जवनिका प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत, पण ब्रसेल्सच्या इतर काही जवनिका लंडनमध्ये जवळून पाहिल्या आहेत. तेव्हा जाणवले ते असे की तंत्र मूळचे आपल्या ओळखीचे आहे. पैठणीच्या पदरात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग जात नाही. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच फिरतो आणि परततो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो. म्हणून पदर विणताना एका ओळीत जितके रंगांचे तुकडे तितक्या कांड्या मागावर लोंबत असतात. युरोपातील जवनिकाही अशाच तुटक बाण्याने विणतात. एक मोठा फरक म्हणजे त्यांचा लोकरीचा ताणा बाण्याखाली पूर्णपणे झाकला जातो आणि पृष्ठभाग जाड, घट्ट होतो. दुसरा फरक असा की उत्तम पैठणीची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. त्यांच्याकडे मागे धाग्यांची टोके मोकळी सोडलेली असतात.

ब्रसेल्सचे विणकर आडव्या मागावर बसत आणि मूळ चित्राच्या पट्ट्या ताण्याखाली ठेवून विणत. ते कापडाची मागची बाजू आपल्याकडे ठेवून काम करत, त्यामुळे पूर्ण झालेले चित्र मूळ नमुन्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे होई. म्हणजे तलवार उजव्या हातात दिसायला हवी असेल तर चित्रकाराने नमुन्यात सगळे योद्धे डावखुरे काढले पाहिजेत. शिवाय चित्र आडवे विणले जाते : भिंतीवर जी उंची दिसते ती मागाची रुंदी असते. सव्वाचार मीटर रुंद मागावर चार-पाच जण खांद्याला खांदा लावून बसले असतील आणि प्रत्येकासमोर घोडे कुशीवर पडलेले असतील!

माझी एक शंका : यात जर आहे का? आणि असल्यास ती आता कशी दिसते?

दुर्बीण (धागाकर्ता)

काठपदर, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. डावखुऱ्या योद्ध्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

होय, लोकर आणि रेशमाबरोबर जर आहे : रेशमी गाभ्यावर गुंडाळलेला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा बारीक पत्रा. मी ज्या जवनिकेपाशी जास्तीत जास्त जवळ उभा होतो त्यात एका जर्मन भाडोत्री सैनिकाच्या बाहीवर फाडून-फुगवलेल्या कापडाच्या घड्या आहेत (त्यांची ती फॅशनच होती, वरच्या कापडाला चिरा देऊन आतले दुसऱ्या रंगाचे कापड बाहेर काढत). प्रत्येक चिरेच्या कडेला जरीची एकेक रेघ चालली आहे. समोरून ती काळपट करडी वाटते. दोन पावले उजवीकडे सरकलो तेव्हा दिव्याचा तिरपा प्रकाश पडला आणि ती रेघ एकदम चमकली, मग पुन्हा विझली. मी चार-पाच वेळा मागेपुढे चाललो. रक्षक माझ्याकडे संशयाने पाहू लागला, तेव्हा थांबलो.

तोफखाना

पाव्हिया म्हणजे बंदुकीने शूर सरदारांच्या घोडदळाला संपवले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपासून सर्वत्र सांगितली जाते. अवघ्या चौदा महिन्यांनी, २१ एप्रिल १५२६ रोजी, पानिपतावर बाबराने तोफा आणि बंदुकांच्या साहाय्याने इब्राहीम लोदीला हरवले, त्यामुळे दोन्ही घटना एका माळेत ओवण्याचा मोह होतो. या जवनिकांवरून या समजाला कितपत आधार मिळतो, असे आपल्याला वाटते?

दुर्बीण (धागाकर्ता)

तोफखाना, जवनिकांत तोड्याच्या बंदुका घेतलेले सैनिक ठळक जागी आहेत, हे खरे. पण चित्राला पुरावा मानताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. व्हान ओर्लेने लढाई पाहिली नव्हती. तो ब्रसेल्समध्ये होता आणि वृत्तान्तांवरून काम करत होता. आणि त्याचे गिऱ्हाईक जिंकलेली बाजू होती.

माझे स्वतःचे मत असे की बंदूक हे अनेक कारणांपैकी एक कारण होते. धुके होते, उद्यानात झाडी आणि ओढे होते, त्यामुळे फ्रान्सिसच्या सैन्याचे तुकडे एकमेकांना पाहू शकत नव्हते. त्याने आधीच एक मोठी फौज आल्बनीच्या ड्यूकबरोबर नेपल्सच्या मोहिमेवर पाठवली होती, आणि लढाईच्या काही दिवस आधी ग्रिझों या आल्प्समधल्या प्रदेशाचे हजारो भाडोत्री सैनिक त्याला सोडून घरी गेले होते. त्याच्या बाजूने लढणारे जर्मन भाडोत्री, ज्यांना काळी तुकडी म्हणत, ते सम्राटाच्या बाजूच्या जर्मन भाडोत्र्यांशी लांब भाल्यांनीच भिडले आणि कापले गेले. त्यांच्यातच इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा रिचर्ड द ला पोल मारला गेला. म्हणजे बंदुकीइतकेच भाल्यांनीही त्या सकाळी काम केले. पानिपताशी तुलना करायची झाल्यास मी इतकेच म्हणेन की दोन्हीकडे बंदुकीला आडोसा होता : तिथे गाड्यांच्या रांगा होत्या, इथे झाडे होती. उघड्या मैदानावर, बार भरायला वेळ लागणारी ती बंदूक एकटी किती टिकली असती, याची मला शंका आहे.

जाता जाता एक गंमत. फ्रेंचमध्ये ‘पाणी ओले असते’ छापाच्या उघड विधानाला ‘लापालिसाद’ म्हणतात, आणि हा शब्द पाव्हियात पडलेल्या ला पालिस याच्या नावावरून आला आहे. तो मेला नसता तर आजही लोकांना त्याचा हेवा वाटला असता, अशा अर्थाची ओळ एका अक्षराच्या गफलतीने ‘तो मेला नसता तर आजही जिवंत असता’ अशी वाचली गेली, अशी कथा आहे. इतक्या मोठ्या सेनानीची स्मृती शेवटी अशा शब्दात उरावी!

ओसरी

मी हे प्रदर्शन २०२५ च्या वसंतात ह्यूस्टनला पाहिले. माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो प्रांजळपणे मांडतो. एक तर दालनातला प्रकाश फारच मंद होता. चष्मा लावूनही लांबचे बारकावे दिसत नव्हते. दुसरे म्हणजे, रंग मला विचित्र वाटले. झाडे निळी का आहेत, हे तिथल्या फलकावरून मला कळले नाही. तिसरे, आणि हे जास्त महत्त्वाचे : शेवटी हे सगळे एका सम्राटाच्या विजयाचे स्तुतिगान आहे. आपण त्यात किती ‘बुडून’ जावे?

काठपदर

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देते. प्रकाश मुद्दामच मंद ठेवावा लागतो. जुन्या रेशीम-लोकरीसाठी संग्रहालये साधारण पन्नास लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचे माप) आसपासच राहतात, कारण उजेडाने रंग उडतात आणि रेशीम ठिसूळ होते. निळ्या झाडांचे कारणही तेच. त्या काळी एकाच वनस्पतीतून पक्का हिरवा रंग मिळत नसे. आधी निळ्यात बुडवायचे, मग पिवळ्यात. पिवळा रंग उजेडात आधी उडतो, निळा टिकून राहतो. म्हणून पाचशे वर्षांत हिरवी झाडे निळी झाली. आमच्याकडे आजीच्या हिरव्या शालूचेही असेच काहीसे झाले होते. घडीच्या आतला भाग हिरवा आणि घडीवरची रेघ निळसर.

दुर्बीण (धागाकर्ता)

ओसरी, तुमचा तिसरा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. स्तुतिगान आहेच. पण पैसे देणाऱ्याला जे हवे होते त्यापेक्षा चित्रकाराने जास्त दाखवले, असे मला वाटते. सातपैकी एक संपूर्ण जवनिका फ्रेंच छावणीच्या लुटीची आणि तिथून पळणाऱ्या स्त्रियांची आणि बिगरलढाऊ माणसांची आहे. आपल्याकडे यांना ‘बाजारबुणगे’ म्हणतात, आणि पानिपतच्या तिसऱ्या लढाईनंतर हा शब्द आपण नेहमी थोड्या तुच्छतेने आणि हळहळीने उच्चारतो. इथे मात्र तेच सर्वांत पुढे आहेत, जवळजवळ आपल्या उंचीचे, पाठीवर संसार घेतलेले, सरदारांइतकीच जागा व्यापणारे. दुसऱ्या एका जवनिकेत स्विस सैनिक पुढे जायला नकार देत आहेत आणि त्यांचे नायक त्यांना विनवत आहेत. आणखी एकीत ते टिचिनोत बुडत आहेत. सम्राटाला नजर करायच्या वस्तूत हरलेल्यांच्या हालअपेष्टांना इतके रेशीम खर्च करणे, हे निव्वळ खुशामतीत बसत नाही.

शिवाय व्हान ओर्ले स्वतः दरबारात फार सुरक्षित नव्हता. १५२७ मध्ये लूथरच्या मताची प्रवचने ऐकल्याबद्दल त्याच्यावर आणि इतर काही कलावंतांवर कारवाई झाली होती. कॅथलिक सम्राटाच्या विजयाची रेखाटने करणारा माणूस त्या सुमारास पाखंडाच्या आरोपाखाली होता. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. पण नदीत बुडणाऱ्या माणसांचे चेहरे पाहताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती.

मांडवीतीर

गोव्यातून लिहीत आहे. या धाग्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. अशाच चित्रजवनिकांत गोवासुद्धा विणलेला आहे. पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रू याने १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडला आणि १५४७ मध्ये गोव्यात जुन्या रोमन सेनापतींसारखा, डोक्यावर पानांचा मुकुट घालून, विजयप्रवेश केला. या प्रसंगांवरील दहा जवनिका सोळाव्या शतकाच्या मध्यास ब्रसेल्समध्येच विणल्या गेल्या आणि आज त्या व्हिएन्नाच्या कलेतिहास संग्रहालयात आहेत. पोर्तुगालची त्या वेळची राणी कॅथरीन ही तुमच्या पाचव्या चार्ल्सचीच धाकटी बहीण. म्हणजे एकाच घराण्याचा, एकाच शहरातल्या मागांचा हा व्यवहार.

विणणाऱ्यांनी मांडवी कधी पाहिली नव्हती, हे त्या जवनिकांची छायाचित्रे पाहिली की लगेच कळते. आणि कास्त्रूच्या पैशाचीही तीच रड होती, जी दे लेव्हाची होती : दीवचा किल्ला पुन्हा बांधण्यासाठी त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले, आणि तारण ठेवायला दुसरे काही नाही म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. नगरसभेने पैसे दिले आणि केस परत केले, असे सांगतात. दाढीचा हा प्रसंग त्या दहा जवनिकांत विणलेला असता तर मी मुद्दाम व्हिएन्नाला गेलो असतो.

तोफखाना

मांडवीतीर, ही माहिती नवीच. म्हणजे स्वतः लढाईत नसलेल्या राजाला लढाई घरपोच करण्याची ही ब्रसेल्सची मोठी पेठच होती म्हणायची.

पाव्हियानंतर पुढे काय झाले, तेही धाग्यात असावे असे वाटते. राजा फ्रान्सिसने आईला लिहिलेल्या पत्रात आपल्याजवळ अब्रू आणि वाचलेला जीव यांखेरीज काहीच उरले नाही असे म्हटले. पुढे त्याला माद्रिदला नेले, जानेवारी १५२६ मध्ये त्याने तह केला, दोन लहान मुलांना ओलीस ठेवून सुटला आणि सुटताच तह नाकारला. १५२७ मध्ये सम्राटाच्याच बिनपगारी सैन्याने रोम लुटले. म्हणजे ज्या वर्षी ब्रसेल्समध्ये माग सुरू झाले, तोवर त्या विजयाचा बराचसा अर्थ निघून गेला होता.

दुर्बीण (धागाकर्ता)

अगदी बरोबर. आणि रोम लुटणाऱ्यांचे पुढारीपण ज्याच्याकडे होते तो बूर्बाँचा ड्यूक या जवनिकांतला एक नायक आहे; तो रोमच्या तटावरच मारला गेला. पेस्कारा तर डिसेंबर १५२५ मध्येच वारला. त्याची पत्नी व्हित्तोरिया कोलोन्ना, कवयित्री आणि पुढे मायकेलअँजेलोची मैत्रीण, त्यानंतर आयुष्यभर विधवाच राहिली. पेस्काराच्याच दाव्हालोस घराण्याकडे या जवनिका पुढे गेल्या आणि १८६२ मध्ये त्या घराण्यातील वारसाने त्या इटलीच्या राष्ट्राला दिल्या. त्यामुळे त्या आज नेपल्सला आहेत.

काठपदर

पुढच्या मे महिन्यात आम्ही इटलीला जाण्याच्या विचारात आहोत. नेपल्सला या सातही पाहायला मिळाल्या तर कुठून सुरुवात करावी? आणि मागची बाजू कुठे दिसते का? उजेड न लागल्यामुळे मागचे रंग अजून ताजे असतात, असे ऐकले आहे. झाडे तिथे हिरवी असावीत.

दुर्बीण (धागाकर्ता)

राजाच्या कैदेची जवनिका सगळे आधी पाहतात आणि तिथे गर्दी असते. तुम्ही छावणीतून पळणाऱ्यांपासून सुरुवात करा, आणि आधी अगदी जवळ जा, मग भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे या. मागची बाजू मला दिसली नाही. वजन पेलावे म्हणून अशा जवनिकांना मागून अस्तर लावलेले असते. जाण्यापूर्वी संग्रहालयाला पत्र लिहून, दुरुस्तीच्या वेळी काढलेली मागच्या बाजूची छायाचित्रे पाहायला मिळतील का, असे विचारून पाहा.

काठपदर

पत्र लिहिते. विणणाऱ्यांनी तीन वर्षे तीच बाजू पाहिली होती, म्हणून ती पाहायची आहे.